जॉर्डन, लेब्रॉन की रसेल? पिढ्यांच्या तुलनेत मोजपट्टीच सरकते तेव्हा

टोरंटो येथे ४ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या सामन्यात अखेरचे काही क्षण उरले असताना गुणफलक बरोबरीत होता आणि चेंडू लेब्रॉन जेम्स यांच्या हाती होता. त्या रात्री त्यांच्या नावावर केवळ आठ गुण जमा होते. आणखी एक बास्केट झाली असती तर जानेवारी २००७ पासून चालत आलेली, प्रत्येक सामन्यात किमान दहा गुण मिळवण्याची त्यांची मालिका अखंड राहिली असती. जेम्स यांनी मात्र मोकळ्या उभ्या असलेल्या रुई हाचिमुरा यांच्याकडे चेंडू सोपवला. हाचिमुरा यांनी दुरून नेम साधला, लॉस एंजेलिस लेकर्स संघ विजयी झाला आणि १,२९७ सामन्यांची ती मालिका तेथेच संपली. या विक्रमात जेम्स यांच्या मागे असलेले मायकेल जॉर्डन यांची मालिका ८६६ सामन्यांची होती.

या एका पासवर दोन परस्परविरुद्ध निवाडे संभवतात. निर्णायक क्षणी स्वतः शॉट न घेणे हा जेम्स यांचा दोष आहे, असे जॉर्डन यांचे समर्थक गेली अनेक वर्षे म्हणत आले आहेत. जेम्स यांचे चाहते त्याच कृतीत त्यांची थोरवी पाहतात. कृती एकच, निकष दोन. सार्वकालिक श्रेष्ठ बास्केटबॉलपटू कोण, या अमेरिकेतील कधीही न संपणाऱ्या वादाचे खरे दुखणे येथे आहे. वाद खेळाडूंविषयी चालतो, पण मतभेद असतो तो मोजपट्टीविषयी.

क्रिकेटप्रेमी वाचकांना असा वाद नवा नाही. ब्रॅडमन यांची ९९.९४ ही सरासरी आणि नंतरच्या फलंदाजांची कामगिरी यांची तुलना भारतातही हिरिरीने होते. तथापि क्रिकेटमध्ये एक सोय आहे. दोन यष्ट्यांमधील बावीस यार्डांचे अंतर शतकानुशतके तेवढेच राहिले आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानाच्या आखणीतच फेरफार होत गेले. आणि गंमत अशी की, ज्या खेळाडूंची तुलना करायची, त्यांच्यापैकीच काहींच्या खेळामुळे ते करावे लागले.

एनबीएचा पहिला मोठा तारा म्हणजे मिनियापोलिस लेकर्सचे सहा फूट दहा इंच उंचीचे जॉर्ज मायकन. बास्केटच्या निकट ते उभे राहिले की इतरांना काही सुचत नसे. त्यांना दूर सारण्यासाठी १९५१ मध्ये बास्केटसमोरील राखीव पट्ट्याची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आली. या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. तत्पूर्वी, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, फोर्ट वेन पिस्टन्स संघाने मायकन यांना निष्प्रभ करण्यासाठी चेंडू स्वतःकडे नुसता धरून ठेवण्याचा डाव खेळला आणि सामना १९-१८ असा जिंकला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकन यांचे होते. अशा कंटाळवाण्या सामन्यांवर उतारा म्हणून १९५४-५५ च्या हंगामापासून चोवीस सेकंदांत शॉट घेण्याचे बंधन आले. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांचे गणित साधे होते: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० शॉट घेतात, सामना २,८८० सेकंदांचा असतो, म्हणून भागाकार चोवीस.

विल्ट चेंबरलेन आले तेव्हा बारा फुटांचा पट्टाही अपुरा ठरला. १९६४ मध्ये तो सोळा फुटांचा झाला. पुढे लू अल्सिंडर या तरुणाचा महाविद्यालयीन स्पर्धेत दबदबा निर्माण झाल्यावर, १९६७ मध्ये तेथे चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबण्यावर, म्हणजे डंकवर, बंदी घालण्यात आली. ती १९७६ पर्यंत टिकली. अल्सिंडर यांनी आपला स्काय हुक हा शॉट अधिकच घोटून घेतला आणि करीम अब्दुल-जब्बार या नावाने व्यावसायिक लीगमध्ये त्याच शॉटवर राज्य केले. स्टेफन करी यांच्यासाठी अद्याप कोणता नियम बदललेला नाही. परंतु १९७९-८० मध्ये तीन गुणांची रेषा प्रथम आखली गेली तेव्हा एक संघ सामन्यात त्या रेषेबाहेरून सरासरी तीनही शॉट घेत नसे, आणि आज ती सरासरी ३५ च्या वर गेली आहे. मैदान तेच असले तरी खेळ वेगळ्या जागी होऊ लागला आहे.

पिढ्यांची तुलना किती निसरडी असते, हे पाहण्यासाठी १९६१-६२ च्या हंगामाइतके बोलके उदाहरण नाही.

त्या वर्षी चेंबरलेन यांनी प्रत्येक सामन्यात सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड मिळवले. पूर्ण सामना ४८ मिनिटांचा असताना त्यांचा मैदानावरील सरासरी वेळ ४८.५ मिनिटे होता, कारण जादा वेळेतही ते बाहेर बसत नसत. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी, ४,१२४ प्रेक्षकांसमोर, त्यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध शंभर गुण केले. त्याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसन यांनी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी राखली. तिन्ही रकान्यांत दोन अंकी सरासरी राखणे पुढील ५५ वर्षे कोणालाही साधले नाही. एल्जिन बेलर हे तर त्या हंगामात लष्करी सेवेत होते. सुटी मिळेल तसे येऊन त्यांनी ४८ सामने खेळले आणि त्यांत सरासरी ३८.३ गुण मिळवले.

आजच्या डोळ्यांना हे आकडे अविश्वसनीय वाटतात, आणि काही अंशी त्यांकडे सावधपणेच पाहायला हवे. त्या हंगामात एक संघ सामन्यात सरासरी १०८ च्या आसपास शॉट घेत असे. आज ही संख्या ८९ च्या घरात आहे. नेमबाजीची अचूकता तेव्हा ४३ टक्क्यांच्या जवळपास होती, आज ती ४७ टक्क्यांहून अधिक आहे. शॉट अधिक आणि ते चुकण्याचे प्रमाणही अधिक, म्हणजे बास्केटवरून उसळून परतणारे चेंडूही अधिक. तेव्हा एका संघाला सामन्यात सरासरी ७१ रिबाउंड मिळत, आज ४३ ते ४४ मिळतात. या प्रमाणात हिशेब मांडला तर चेंबरलेन यांचे २५.७ रिबाउंड आजच्या खेळात साधारण सोळा होतात आणि रॉबर्टसन यांचे १२.५ साडेसातच्या आसपास येतात. याचा अर्थ असा की, २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुक यांनी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्टची सरासरी राखून रॉबर्टसन यांचा पराक्रम पुन्हा घडवला, तेव्हा रिबाउंडच्या बाबतीत तरी त्यांचे काम अधिक अवघड होते. वेस्टब्रुक यांनी नंतर आणखी तीन हंगाम हेच केले आणि लोकांना त्याचे अप्रूप उरले नाही. विक्रम दुर्मीळ असतो तोवरच त्याचे कौतुक टिकते.

परंतु १९६१-६२ च्या हंगामाची सर्वांत महत्त्वाची नोंद यांपैकी कोणतीच नाही. त्या वर्षीचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा, म्हणजे एमव्हीपी, पुरस्कार चेंबरलेन यांना मिळाला नाही, रॉबर्टसन यांनाही नाही. तो बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेल यांना मिळाला. त्यांची गुणांची सरासरी १९ च्या आत होती. या निवडीत पत्रकारांचा हात नव्हता. १९८० पर्यंत हा पुरस्कार खेळाडूंच्याच मतदानाने ठरत असे. ज्यांना चेंबरलेन यांना आवरताना घाम फुटत होता, ज्यांनी त्यांचे पन्नास-पन्नास गुण प्रत्यक्ष सोसले होते, त्यांनीच रसेल यांच्या बाजूने कौल दिला. त्या वर्षी अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात रसेल यांनी ३० गुण आणि ४० रिबाउंड मिळवले आणि सेल्टिक्सने लेकर्सवर मात केली.

प्रतिस्पर्ध्यांनी जे पाहिले ते आज आकडेवारीत शोधू गेल्यास सापडत नाही. रसेल यांची खरी ताकद बचावात होती. प्रतिस्पर्ध्याचा शॉट हवेतच अडवायचा, तोही चेंडू प्रेक्षकांत भिरकावून न देता सहकाऱ्याच्या हाती पडेल अशा बेताने, हे तंत्र त्यांनी रूढ केले. आणि एनबीएने ब्लॉक, म्हणजे अडवलेले शॉट, मोजण्यास सुरुवात केली ती १९७३-७४ मध्ये. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाले होते, चेंबरलेन १९७३ मध्ये. शॉट अडवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या दोघांच्या नावापुढे अधिकृत नोंदीत एकही ब्लॉक नाही. अंतिम लढतीतील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचीही हीच कथा आहे. जॉर्डन यांनी तो सहा वेळा पटकावला आणि त्यांच्या बाजूने हा आकडा हटकून पुढे केला जातो. हा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, म्हणजे रसेल यांच्या कारकिर्दीतील अखेरच्या वर्षी. आणि तेव्हाही तो पराभूत लेकर्सच्या जेरी वेस्ट यांना देण्यात आला. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्या रसेल यांच्या वाट्याला तो एकदाही आला नाही. २००९ मध्ये त्या पुरस्काराला रसेल यांचेच नाव देण्यात आले, ही लीगने केलेली उशिराची भरपाई म्हणावी लागेल.

अकरा विजेतेपदांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. त्या काळी लीगमध्ये आठ-नऊ संघ होते आणि अव्वल संघाला विजेतेपदासाठी दोनच मालिका जिंकाव्या लागत. आज संघ तीस आहेत आणि चार फेऱ्या पार कराव्या लागतात. शिवाय आजची गुणवत्ता जगभरातून येते. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत एमव्हीपी पुरस्कार सलग अमेरिकेबाहेर जन्मलेल्या खेळाडूंना मिळाला. ग्रीस, सर्बिया, कॅमेरून आणि कॅनडा हे त्यांचे जन्मदेश. साठच्या दशकात सर्बियातील एखादा योकिच एनबीएच्या दारापर्यंत पोहोचण्याची शक्यताच नव्हती. मात्र आठ संघांची लीग म्हणजे जेमतेम शंभर जागा, आणि त्यांतही कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवण्याचा अलिखित दंडक होता, असे त्या पिढीतील खेळाडूंनी सांगितले आहे. एनबीएमध्ये पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९५० मध्ये उतरले. ऑक्टोबर १९६१ मध्ये, वर वर्णन केलेला हंगाम सुरू होण्याच्या ऐन तोंडावर, केंटकीतील लेक्सिंग्टन येथे एका हॉटेलच्या उपाहारगृहात रसेल यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना जेवण नाकारण्यात आले. रसेल आणि ते सहकारी प्रदर्शनीय सामना न खेळताच परत फिरले. गुणतक्त्यात अशा गोष्टींसाठी रकाना नसतो.

निवृत्त खेळाडू जे. जे. रेडिक यांनी २०२२ मध्ये एका दूरचित्रवाणी चर्चेत, बॉब कूझी यांच्यासमोर नळजोडणी करणारे आणि अग्निशामक दलातले लोक खेळत होते, अशी टिप्पणी केली. नव्वदी ओलांडलेल्या कूझी यांनी आपल्या समकालीन प्रतिस्पर्ध्यांची नावे घेत तिला उत्तर दिले. रेडिक यांचा टोला चटपटीत होता, पण तो उलट बाजूनेही वाचता येतो. त्या पिढीतील खेळाडू हंगाम संपल्यावर दुसरी नोकरी करत, कारण बास्केटबॉलवर घर चालत नसे. सेल्टिक्सचे टॉम हाइनसन विमा विकत. निवृत्तिवेतनाची हमी मिळावी म्हणून १९६४ मध्ये ऑल-स्टार सामन्यावर बहिष्कार टाकण्याचा इशारा खेळाडूंना द्यावा लागला. जानेवारी १९६० मध्ये लेकर्स संघाचे विमान हिमवादळात आयोवातील मक्याच्या शेतात उतरवावे लागले. सर्व जण बचावले आणि हंगाम पुढे सुरू राहिला. आजचा खेळाडू खास विमानाने प्रवास करतो, त्याच्या आहाराची, झोपेची आणि स्नायूंची देखरेख करणारा स्वतंत्र ताफा असतो. जेम्स तेविसाव्या हंगामात खेळत आहेत यात त्यांची शिस्त निर्विवाद आहे, पण त्यात वैद्यकशास्त्राचाही वाटा आहे. रेडिक आता लेकर्सचे, म्हणजे जेम्स यांचेच, प्रशिक्षक आहेत. प्रवासाचे वेळापत्रक आखताना त्यांना हा फरक जाणवत असावा.

एकूण गुणांचा विक्रम हा त्यातल्या त्यात निर्विवाद मानला जातो. त्याचीही थोडी झडती घेण्यास हरकत नाही. अब्दुल-जब्बार यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम १९८९ पासून अबाधित होता. जेम्स यांनी तो ७ फेब्रुवारी २०२३ रोजी मोडला. अब्दुल-जब्बार यांना त्यासाठी १,५६० सामने लागले, जेम्स यांना १,४१०. परंतु अब्दुल-जब्बार यांच्या संपूर्ण कारकिर्दीत तीन गुणांची बास्केट फक्त एक आहे, तर जेम्स यांच्या नावावर त्या दिवशी अशा दोन हजारांहून अधिक बास्केट होत्या. प्रत्येकीचा जादा एक गुण वजा केला असता तर त्या रात्री विक्रम मोडला नसता. दुसरे असे की, जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट व्यावसायिक लीगमध्ये आले. अब्दुल-जब्बार यांच्या वेळी नियमाप्रमाणे महाविद्यालयीन चार वर्षे उलटावी लागत. स्पेन्सर हेवूड यांच्या खटल्यानंतर १९७१ मध्ये ते बंधन सैल झाले, तोवर अब्दुल-जब्बार दोन हंगाम खेळून मोकळे झाले होते. इतके सगळे मान्य करूनही जेम्स यांच्या पदरात उरते ते थोडे नाही. २०२४-२५ च्या अखेरीस त्यांचे गुण ४२ हजारांवर पोहोचले होते. तोवरच्या अडीच हजारांहून थोड्या अधिक त्रिगुणी बास्केटचा जादा गुण वजा केला, तरी ते अब्दुल-जब्बार यांच्या पुढेच राहतात.

जॉर्डन यांच्याबाबत वाद मुख्यतः नियमांवर होतो. त्यांच्या काळात बचावपटू हाताने ढकलून, अडवून धरू शकत. २००४-०५ पासून त्यावर कडक निर्बंध आले. आजच्या नियमांत जॉर्डन यांनी सहज चाळीसची सरासरी गाठली असती, असे त्यांचे चाहते म्हणतात. हे अर्धेच सत्य आहे. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग संपेपर्यंत क्षेत्रबचाव निषिद्ध होता. एका आक्रमकाभोवती मोकळ्या जागी सापळा रचून थांबण्याची मुभा बचावपटूंना नव्हती आणि एकास एक लढतीत जॉर्डन यांना रोखणारा माणूस जन्मला नव्हता. २००१-०२ मध्ये ती बंदी उठली. जेम्स यांची जवळजवळ संपूर्ण कारकीर्द सापळ्यांना तोंड देण्यात गेली आहे. एक दार उघडले तेव्हा दुसरे बंद झाले होते, आणि वाद घालणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचे दार दाखवतो.

स्मृतीही समान वाटली गेलेली नाही. चेंबरलेन यांच्या शंभर गुणांच्या सामन्याचे दूरचित्रवाणी चित्रण उपलब्ध नाही. उरले आहे ते अखेरच्या सत्राच्या रेडिओ समालोचनाचे ध्वनिमुद्रण. जॉर्डन यांची भरारी रंगीत पडद्यावर आणि उपग्रह वाहिन्यांवरून जगभर गेली. भारतातील बहुसंख्य प्रेक्षकांचा एनबीएशी परिचय त्याच काळात झाला आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स या संघांनी मुंबईत वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळले तेव्हा तो प्रत्यक्ष भेटीपर्यंत पोहोचला. साहजिकच भारतीय चाहत्याच्या लेखी बास्केटबॉलचा इतिहास जॉर्डनपासून सुरू होतो. त्यामागची तीस-पस्तीस वर्षे त्याच्या पडद्यावर कधी आलीच नाहीत.

मग निकष कोणता लावायचा? त्यातल्या त्यात न्याय्य पद्धत अशी की, खेळाडूला त्याच्याच काळात ठेवावे आणि समकालीनांपासून तो किती पुढे होता ते मोजावे. या कसोटीवर जॉर्डन यांचे पारडे जड आहे: गुणांच्या सरासरीत दहा वेळा अव्वल, १९८८ मध्ये सर्वोत्तम बचावपटू आणि सहा अंतिम लढतींत सहा विजय. दीर्घकाळ शिखरावर राहण्यात जेम्स यांना तोड नाही. परंतु बास्केटबॉल हा सामने जिंकण्यासाठी खेळला जातो असे मानले, आणि प्रत्यक्ष समोर उभ्या राहिलेल्यांची साक्ष ग्राह्य धरली, तर रसेल यांना पहिल्या तिघांबाहेर ठेवणारी यादी ही खेळाची यादी न राहता त्या काळी नोंदवहीत काय टिपले गेले याची यादी ठरते. रसेल यांचे ३१ जुलै २०२२ रोजी निधन झाल्यानंतर त्यांचा सहा हा क्रमांक संपूर्ण लीगमधून निवृत्त करण्यात आला. हा मान एनबीएने तोवर कोणाही खेळाडूला दिला नव्हता. जॉर्डन यांनाही नाही. जेम्स यांनीही मग सहा क्रमांक सोडून आपला जुना २३ पुन्हा घेतला.

नोंदवहीचा हा अन्याय महिलांच्या खेळात आणखी ठळक दिसतो. ३ मार्च २०२४ रोजी आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क यांनी पीट मॅराविच यांचा ३,६६७ गुणांचा महाविद्यालयीन विक्रम मोडला. मॅराविच यांनी तो तीन हंगामांत, ८३ सामन्यांत, तीन गुणांच्या रेषेविना केला होता. क्लार्क यांना चौथा हंगाम आणि ती रेषा दोन्ही उपलब्ध होते. याची चर्चा भरपूर झाली. त्याआधी काही दिवस क्लार्क यांनी आणखी एक आकडा मागे टाकला होता, तो कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्ड यांचा: ३,६४९ गुण, १९७७ ते १९८१ या काळातले, तेही पुरुषांच्या आकाराच्या चेंडूने खेळून. वुडर्ड यांचे नाव अधिकृत विक्रमाच्या यादीत नव्हते, कारण राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएएने महिलांच्या स्पर्धा भरवण्यास १९८१-८२ मध्ये सुरुवात केली आणि त्यापूर्वी वेगळ्या संघटनेखाली झालेले सामने आपल्या विक्रमांत धरले नाहीत. वुडर्ड १९८४ च्या ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या अमेरिकी संघाच्या कर्णधार होत्या. क्लार्क यांनी मॅराविच यांना मागे टाकले त्या दिवशी त्या आयोवाच्या प्रेक्षागृहात उपस्थित होत्या, आणि त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना मानवंदना दिली.